बघितल्याशिवाय

मेडिकलच्या काउंटरशी बाई थांबून राहते. बाकीचं गिऱ्हाईक गेलं की हळूच म्हणते, "भाऊ, खाजेची ट्यूब द्या." कुठली खाज, हे तो विचारत नाही, ती सांगत नाही. हातात पडते बुरशी, जंतू आणि खाज तिन्हींवरची एकत्र ट्यूब. तिच्यातल्या स्टेरॉइडने दोन दिवसांत आग थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. महिन्याने तीच बाई, तीच ट्यूब. नाशिकच्या पंचवटीत हे इतक्यांदा पाहिलंय की आता राहवत नाही.

*

"खाली आग होते." खाली म्हणजे कुठे? लघवीच्या जागी, योनीच्या आत, की बाहेरच्या त्वचेवर? उपचार त्यावरच ठरतात. दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जात असेल आणि खाज असेल, तर बहुधा बुरशी. ती पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासायलाच हवी.

*

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही आजार निघाला. सगळे हाच आकडा सांगतात. मला दुसरा टोचतो: त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या.

*

पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणाऱ्या बायका. डिपिंगला घड औषधात बुडवायचे, दिवसभर हात ओले. बागेत संडास नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं. लघवीला जाऊन आल्यावर हात धुवा, असं सगळे शिकवतात. इथे जायच्या आधी धुवायला हवेत. हातावरचं औषध, गंधक त्या नाजूक त्वचेला लागलं की सूज येते, आणि बाईला वाटतं, बाहेरची काही बाधा झाली.

*

मग ती घासून धुते. अंगाचा साबण, जंतुनाशक, कुणी तुरटीचं पाणी. त्याने कातडी आणखी सोलवटते. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काहीच घालायचं नाही. सुती चड्डी, कोरडी. सुवासिक पॅड बंद. खाजवण्यापेक्षा गार पाण्याची घडी ठेवावी.

*

योनीच्या तोंडाशी एकाच बाजूला सुपारीएवढी गाठ, बसता येत नाही: ही बार्थोलिन ग्रंथी तुंबलेली असू शकते. पिळायची नाही. टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीन-चारदा. ताप आला, ठणका वाढला, तर त्याच दिवशी दवाखाना. गरोदर बाईने वाटच बघू नये.

*

मावशी पासष्टीची. चार वर्षं खाज, "वयामुळे कोरडं पडतं" म्हणून खोबरेल लावत होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली पाहिलं: पांढरे, पातळ, सुरकुतलेले चट्टे. छोटा तुकडा तपासला. लायकेन स्क्लेरोसस. संसर्ग नाही, कुणाची चूक नाही. पण त्यातून क्वचित कर्करोग होतो, म्हणून लक्ष ठेवायचं. मलम दिलं ते कडक स्टेरॉइडचं. मेडिकलच्या ट्यूबमध्ये जे नासवतं तेच इथे औषध, कारण इथे आधी कुणीतरी बघितलं होतं.

आता महिन्यातून एकदा स्वतः बघायचं, नवी गाठ किंवा जखम दिसली तर यायचं, असं सांगितलंय. मावशीने काल मेन रोडवरून छोटा हातआरसा आणवला. "पासष्ट वर्षांत पहिल्यांदा," म्हणाली, आणि खोलीचं दार लावून घेतलं.