पेले खोका नंबर ७ मध्ये

गेल्या जुलैत आम्ही एडिसनमध्येच घर बदललं. घरात दोन इंजिनिअर, तेव्हा प्रत्येक खोक्यावर नंबर आणि हातात छापील यादी! सामान हलवायला तिघे आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तासाभरात ते घामाने निथळत होते आणि आम्ही यादीवर खुणा करत होतो. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, त्यांना पाणी नाही विचारायचं? आजी तर पोस्टमनलाही विचारते."

पेले खोका नंबर ७ मध्ये, म्हणजे ट्रकच्या तळाशी! आम्ही खजील झालो. एकजण धावत जाऊन गार पाण्याच्या बाटल्या घेऊन आला.

टिपचंही तसंच. इथे ती बहुधा बिलात धरलेली नसते. काम मनासारखं झालं की माणशी निदान २० डॉलर्स देतात. आम्ही सगळे पैसे मुकादमाकडेच देणार होतो, पण मग प्रत्येकाच्या हातात वेगळे दिले. सर्वांत लहान पोराने नोट खिशात घातली आणि आभार मानले ते पाण्याचे.

तेव्हा मंडळी, घर बदलताना पेले सर्वांत शेवटी भरा. आमच्या यादीत हे नव्हतं, लेकीच्या लक्षात होतं.