तान्हुलीला घेऊन कुंडलच्या भावकीत

नोकरीधंद्यासाठी मुंबईत येऊन राहिलेल्या आपल्या कुटुंबांत मूल जन्मले की चार-सहा महिन्यांत एक प्रश्न हमखास निघतो, "बाळाला गावी कधी नेणार?" गावाकडची माणसे म्हणतात, लवकर आणा. शेजारचे म्हणतात, एवढ्या लांबच्या प्रवासात तान्हे पोर आजारी पडेल. दोघांचेही बोलणे मायेपोटीच असते. आमच्या धाकट्या भावाची मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा आमच्याही घरी हाच खल सुरू झाला.

आमचे मूळ गाव कुंडल, सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात. वडिलांची चुलती, जिला आम्ही सारे थोरली आजी म्हणतो, ती पंच्याऐंशी ओलांडून गेलेली. तिचा फोनवर एकच धोशा होता, "पोरीला डोळ्यांनं बघू द्या." दुसरे कारण भावजयीच्या रजेचे. २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर कायद्याने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली आहे, ती महिन्याभरात संपणार होती. एकदा कामावर रुजू झाली की पुन्हा सवड कुठली? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. त्या रजेतले चार दिवस बाळाने आपल्या गणगोतात काढावेत, असे आम्ही ठरवले. धुणीभांडी, बिगारी करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींना आजही ही रजा मिळत नाही, याची आठवण मात्र ठेवली पाहिजे.

दिवसाची गाडी बरी

रात्री निघून पहाटे पोचवणारी महालक्ष्मी आम्हांला सवयीची. पण तान्ह्या मुलाला अंधारात, झोपमोड करून उतरवण्यापेक्षा दिवसाची कोयना एक्स्प्रेस बरी, असा विचार केला. सकाळी मुंबईहून निघायचे आणि संध्याकाळी किर्लोस्करवाडीला उतरायचे. कुंडलला जाणाऱ्यांचे स्टेशन तेच. पूर्वी त्या स्टेशनाचे नाव 'कुंडल रोड' होते.

रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण तिकीट नसले की जागाही मिळत नाही. आईच्या मांडीवर, नाहीतर आईच्याच बाकावर, एवढाच त्याचा हक्क. २०२२ साली लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बाकाला जोडून बाळासाठी छोटा बाक लावून पाहिला होता. आपल्याकडे मात्र जुने लुगडेच कामी येते. आम्ही खालचा बाक आईसाठी राखला आणि समोरासमोरच्या मधल्या बाकांच्या साखळ्यांना लुगड्याची झोळी बांधली. एका गृहस्थांनी कुरकुर केली, "वाट अडते." भाऊ म्हणाला, "काका, पोर झोपली की सोडतो." तासाभराने तेच काका पेपर वाचता वाचता पायाने झोळीला झोका देत होते.

सामान कमीच घ्यावे. मऊ धुवट कपड्यांचे तुकडे, दोन दुपटी, कानटोपी, आईसाठी भाकरी-चटणी आणि भरपूर पाणी. अंगावर पाजणाऱ्या आईला तहान फार लागते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीच द्यायचे नसते, पाणीसुद्धा नाही. त्यामुळे बाटली, उकळलेले पाणी, दुधाची पावडर यांतले काहीच आमच्या पिशवीत नव्हते. चादरीचा आडोसा करून आई बसली की झाले. एस.टी.ने जाणाऱ्यांनी स्थानकात हिरकणी कक्ष आहे का ते विचारावे. तो अंगावर पाजणाऱ्या मातांसाठीच असतो. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे भाडे झाले आहे, त्याचाही हातभार लागतो.

मसूरची पाटी

पुणे सुटले, घाट उतरून गाडी नीरा, लोणंद, वाठार करत सातारा स्टेशनावर आली. पुढे कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव आणि मग मसूर. मसूरची पाटी दिसताच आम्ही बाळाला खिडकीशी धरले. तिला काय कळणार! पण आम्हांला राहवले नाही.

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले याच स्टेशनावर उतरली होती. आई निवर्तलेली, साताऱ्याच्या घरी आत्या सांभाळ करी. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तळ्याच्या खोदाईच्या ठिकाणी रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना बोलावले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे बूट घालून मुले मोठ्या हौसेने निघाली. संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरली, तर न्यायला कोणीच नाही. मुलांनी पाठवलेले पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, नोकर ते द्यायला विसरला होता. कपड्यांवरून चांगल्या घरची मुले समजून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला, पण जात कळताच मागे सरला. गाडीवाले यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या बोलीवर एकजण तयार झाला. डबा भरलेला होता, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. घशाखाली घास उतरेना. रात्र नाक्यापाशी उपाशी काढून मुले दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास वडिलांच्या दारी पोचली. बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात स्वतः लिहून ठेवली आहे.

ती मुलेही आपल्या माणसांना भेटायलाच निघाली होती. निरोप पोचला नाही, आणि वाटेत कोणी आपले म्हणणारे नव्हते. ही हकीकत आपण सभांत ऐकतो, पण त्याच रुळांवरून मांडीवर लेकरू घेऊन जाताना ती वेगळीच भिडते. भावजयीने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि ती तशीच खाली ठेवून बराच वेळ बाहेर पाहत बसली.

कऱ्हाड गेले आणि शेणोली आले. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इथेच पगाराची गाडी अडवून इंग्रज सरकारचा पैसा लुटला. तेथून भवानीनगर, ताकारी आणि मग आमचे किर्लोस्करवाडी.

दारात पाण्याचा तांब्या

आम्ही आदल्या दिवशी फोन केला होता आणि सकाळी गाडीत बसल्यावर पुन्हा केला. फलाटावर चुलते तात्या, चुलतभाऊ आणि त्याची दोन पोरे अशी चौघे हजर. बाहेर ओळखीची रिक्षा उभी. एका तान्ह्या पोरीला न्यायला चार माणसे!

किर्लोस्करवाडी ही १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर वसवलेली कारखान्याची वसाहत. तेथून चार-पाच किलोमीटरवर कुंडल. हे गाव औंध संस्थानात होते. म्हणून १९४२ नंतर इंग्रजांच्या पोलिसांना चकवून प्रतिसरकारने इथे ठाण मांडले. क्रांतिसिंह नाना पाटील आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांचे नाव निघाले की कुंडलची माणसे आजही ताठ बसतात. बापूंच्या नावाचा साखर कारखाना गावात आहे. वाटेने ऊस, द्राक्षबागा, आणि पलीकडे पार्श्वनाथाच्या जैन मंदिरांचे डोंगर.

वस्तीत शिरलो. दारात थोरली आजी काठी टेकून उभी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. भाकरीचा तुकडा ओवाळून झाला. बाळाला घ्यायच्या आधी तिने तांब्या भावजयीच्या हाती दिला, "आदी पाणी पी, बाय. दिसभर पाजून वाळली असशील."

तीस हात आणि एक पोर

खरी परीक्षा पुढेच होती. अर्ध्या तासात घर भरले. चुलत्या, आत्या, जावा, मावसभाऊ, शेजारपाजार. या हातातून त्या हातात करत पोर अंगणापर्यंत जाऊन आली. कोणी मुका घेतला, कोणी गाल ओढला, कोणी काजळाची डबी काढली. पोरीने जे रडे काढले ते काही केल्या थांबेना, अंगावरही घेईना. भावजयीने तिला उचलून आतल्या खोलीत नेले आणि दार लोटून घेतले. बाहेर कुजबूज सुरू झाली, "मुंबईची सून. पोराला हात लावू देईना." एक नात्यातल्या बाई चहा न घेताच उठल्या.

अशा वेळी आपल्या घरांत काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. सुनेला बोल लावला जातो, ती मुकाट्याने दार उघडते, आणि पुढच्या वर्षी गावी यायला नको म्हणते. तिचा नवरा गप्प बसतो. चार दिवसांच्या हौसेपायी वर्षांचे नाते आटते.

त्या संध्याकाळी थोरल्या आजीने वेगळेच केले. खोलीच्या उंबऱ्यावर पाट टाकून ती बसली. शेजारी बादली आणि साबणाची वडी. म्हणाली, "दोगं-दोगंच आत जा. हात धुवा, मग पोरीला घ्या. मुका कुनी घ्यायचा न्हाई. खोकला असंल त्यानं लांबनंच बघा." उठून गेलेल्या बाईंनाही तिने नातवाकरवी बोलावून आणले आणि पहिल्यांदा आत सोडले. तासाभरात सगळी भावकी बाळाला भेटली. पोर पोटभर पिऊन शांत झाली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र आजीनेच सहाण काढली. जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, सगळे फडक्यात जपून बांधलेले. वर मधाचे बोट चाटवायचे. भावजयीचा चेहरा उतरला. आजीला नाही कसे म्हणावे? तेवढ्यात वस्तीतली आशाताई बाळाला पाहायला आली. तिने हळूच सांगितले, "आजी, सहा म्हयनं निस्तं आईचं दूध. वरचं काय दिलं की हगवण लागायची भीती. आन् मध तर वरीसभर न्हाईच, त्यातनं लहान लेकराला विषबाधा हुती."

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझी दोन लेकरं अंगावर पीत असतानाच गेली. गुटी दिली हुती, अंगारा लावला हुता, समदं केलं हुतं. तवा कुठला दवाखाना आन् कुठला डाक्टर? तुमच्या डाक्टरला जे कळतंय ते करा. पर पोरगी जगली पायजे." तिने सहाण पुसून फडक्यात गुंडाळली आणि बाळाचे पाय तेल लावून चोळायला बसली. त्या हातांखाली पोर झोपून गेली.

आम्ही त्या खोलीत सगळेच गप्प झालो. आजीच्या त्या दोन लेकरांची नावे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. भावाने विचारली, तिने सांगितली. त्याने ती वहीत टिपून घेतली.

निघण्यापूर्वी वस्तीतल्या विहारात बाळाला नेले. त्रिशरण-पंचशील झाले, बायकांनी खीर केली. डोंगरावर मात्र आम्ही तिला नेले नाही. डोंगर कुठे जात नाहीत, ती चालू लागली की आपल्या पायांनी चढेल.

माता-भगिनींसाठी चार शब्द

तान्ह्या मुलाला घेऊन गावी जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्यावर निघाल्यास बरे. लसीकरणाचे कार्ड बरोबर असू द्या, राहिलेली लस गावच्या सरकारी दवाखान्यातही मोफत मिळते. काजळ, गुटी, मध नको. मूल दूध ओढत नसेल, ग्लानीत असेल, धाप लागल्यासारखा श्वास घेत असेल किंवा अंग तापले असेल, तर नात्यातल्या कोणाच्या सल्ल्याची वाट न पाहता डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत येते. मुक्काम एकाच घरी ठेवा, भेटीला भावकीने यावे. एका दिवसात चार गावे करू नयेत.

घरातल्या पुरुषांनीही ऐकावे. "बाळाला आता झोपू द्या," हे वाक्य बाळाच्या बापाने स्वतः बोलायचे असते. ते सुनेच्या तोंडी टाकून आपण नामानिराळे राहू नये. आणि गावाकडच्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती अशी, की आमच्या थोरल्या आजीसारखा पाट उंबऱ्यावर टाका. तुमच्या शब्दाला जो मान आहे, तो आईच्या आणि बाळाच्या बाजूने वापरा.

मुलाला गावी जरूर न्यावे. शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत त्याला आई-बाप दिसतात, गावात त्याला कळते की आपल्यामागे तीस माणसे उभी आहेत. निघताना कळवा, पोचल्यावर कळवा. आणि गावाकडच्यांनी गाडी येण्याआधी स्टेशनावर हजर राहावे.