चूक दाखवायची, पण दुरुस्त कोणी करायची?



आज थोडा वेगळा विषय. दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे गेले होते. सातवीतला भाचा कॉम्प्युटरवर 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नावाचा गेम खेळत होता. हिरव्या रंगाच्या छोट्या माणसांसाठी अवकाशयान बांधायचं आणि उडवायचं. टाक्या, इंजिनं, पंख, पॅराशूट असे सुटे भाग मिळतात. कोणता भाग कुठे जोडायचा ते आपलं आपण ठरवायचं.

त्याचं यान थोडं वर गेलं की कोलांटी खायचं. चार वेळा तेच. कारण मला दिसत होतं. पंख छान दिसतात म्हणून त्यानं ते टोकाजवळ लावले होते. बाणाची पिसं मागे असतात, तसे यानाचे पंख खाली हवेत. मला राहवेना. मी माऊस हातात घेतला आणि पंख खाली लावले. यान सरळ वर गेलं. मी खूश!

भाचा म्हणाला, "मावशी, मग तूच खेळ ना." आणि उठून गेला.

खरं सांगते, ते वाक्य मला झोंबलं. कारण असंच काहीतरी मी वर्गातही करून बसले होते.

दोन वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलानं केंद्रस्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी फुग्याच्या हवेवर चालणारी गाडी केली होती. बाटलीची झाकणं म्हणजे चाकं. गाडी तिरकी जायची. आदल्या दिवशी मी ती घरी नेली, चाकांच्या काड्या सरळ करून नीट चिकटवल्या. प्रदर्शनात गाडी मस्त पळाली. परीक्षकांनी विचारलं, "ही चाकं अशी का बसवलीस?" तो म्हणाला, "मॅडमनी बसवली." दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र माझ्या हातात देत म्हणाला, "तुमच्याकडेच ठेवा." त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्यानं काही बनवून आणलं नाही.

भाच्याचा राग गेल्यावर मी त्याच्या शेजारी बसले आणि तो गेम नीट समजून घेतला. मेक्सिकोतल्या कंपनीनं २०११ साली तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. तेव्हा यान बांधणं फारच कटकटीचं होतं. जोड लटपटायचे, मग खेळणारे सगळीकडे आधाराच्या काठ्या ठोकत बसायचे. २०१४ मध्ये जोड मजबूत केले. त्याच वर्षाच्या शेवटी, जोडलेला भाग हवा तेवढा सरकवायची आणि फिरवायची सोय आली. २०१५ मध्ये इंजिनिअरचा अहवाल आला. उड्डाणाआधी बघितला की तो सांगतो, पॅराशूट नाही, दार अडलंय, किंवा पॅराशूट आणि इंजिन एकाच टप्प्यात सुरू होणार आहेत! (ही शेवटची चूक भाच्यानं केली होती. जमिनीवरच पॅराशूट सुटलं, आम्ही दोघं पोट धरून हसलो.)

२०१८ च्या डिसेंबरात आणखी एक सुधारणा झाली. जवळच्या इंधनात यान आपला वेग एकूण किती बदलू शकेल, तो आकडा बांधतानाच दिसू लागला. गेममधल्या ग्रहाभोवती कक्षेत जायला साधारण ३,४०० मीटर प्रतिसेकंद लागतात. त्या ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर आहे, म्हणून एवढ्यात भागतं. आधी हा आकडा लोक कागदावर काढायचे किंवा इतर खेळाडूंनी बनवलेली जोडणी वापरायचे. त्यामागचं समीकरण १९०३ साली प्रसिद्ध करणारे त्सिओलकोव्हस्की रशियात शाळेत गणित शिकवायचे. म्हणजे आपल्यातलेच!

आता गंमत बघा. यान बांधणं इतकं सुधारलं, तरी यातली एकही सुधारणा यान बांधून देत नाही. अहवाल 'पॅराशूट नाही' म्हणतो, पण स्वतः लावत नाही. आकडा कमी दिसतो, पण टाकी वाढवायची की वजन कमी करायचं हे मुलानंच ठरवायचं. पिवळा गोळा वस्तुमानाचं केंद्र दाखवतो, निळा गोळा हवेचा जोर कुठे लागतो ते दाखवतो. निळा वर गेला तर पुढे काय होणार, ते मुलानं ओळखायचं. आणि यान कोसळलंच तर एका बटणावर परत जोडणीघरात. ना शेरा, ना गुण कापणं.

अजून सुधारायला जागा आहेच. माझ्यासारख्या बाईला विचारलं तर मी दोन गोष्टी मागेन. एक, कोसळलेलं यान आणि बदललेलं यान शेजारी शेजारी दाखवा, म्हणजे काय बदलल्यामुळे काय झालं ते मुलाला दिसेल. दुसरं, सूचना मराठीत द्या. भाच्याला 'वस्तुमान' माहीत होतं, पण पडद्यावरचा इंग्रजी शब्द त्यानं वाचलाच नव्हता.

गेम सुधारणं माझ्या हातात नाही, पण वर्ग आहे. आता कागदी विमान असो की फुग्याची गाडी, प्रत्येक मुलाकडे एक चाचणी वही असते. तीन रकाने: काय बदललं, काय झालं, का झालं असेल. चूक दिसली तर मी प्रश्न विचारते. "दोन्ही काड्यांमधलं अंतर मोजलंस का?" एवढंच. हात मागे बांधून उभी राहते. अवघड जातं हो! परवा एका मुलीला गाडी सरळ पळवायला सहा चाचण्या लागल्या. तास संपला, भाषेचा पाठ मागे पडला. पण सहावीनंतर तिनं वर्गाला स्वतः समजावून सांगितलं की पुढची काडी तिरकी होती.

पालकांना एक विनंती. मुलांच्या खेळाची वेळ जरूर ठरवा, पण त्यातली दहा मिनिटं शेजारी बसा. माऊस घेऊ नका. "हे असं का लावलंस?" एवढंच विचारा. प्रकल्पाच्या आदल्या रात्रीही हेच.

ते प्रमाणपत्र अजून माझ्या कपाटात आहे. तो मुलगा आता सहावीत, गावच्या हायस्कूलला जातो. या आठवड्यात त्याला भेटायचं ठरवलंय. प्रमाणपत्र देईन, सोबत झाकणं, काड्या आणि फुगे पण देईन. चिकटवण्याचं काम मात्र त्याचं.