आकडा रागवत नाही

रात्री घरात सामसूम झाली, की माझ्या छातीतून आवाज येतो. टिक्, टिक्, टिक्. माझी भाची लहान असताना विचारायची, "मामा, तू घड्याळ गिळलंस का रे?" गिळलं नाही, पण बसवलंय खरं!

त्याचं असं झालं. आम्ही वाईचे. मी तिसरीत असताना घसा दुखून ताप आला. तो गेला, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघे नि घोटे सुजले. तेही बरे झाले. पण त्या दुखण्यानं जाता जाता हृदयातल्या एका झडपेला इजा केली होती. सहावीत शाळेचा जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा ते कळलं. २००१ च्या मे महिन्यात, सगळी मुलं आंबे खात होती तेव्हा, माझं ऑपरेशन झालं. खराब झडप काढून तिथं नवी बसवली. तिच्यात कार्बनच्या दोन छोट्या पाकळ्या आहेत. दर ठोक्याला त्या उघडतात आणि मिटतात. तीच ती टिकटिक!

आता गंमत अशी, की आपलं रक्त फार इमानी असतं. कुठं परकी वस्तू दिसली, की तिच्यावर गोठायला बघतं. माझ्या झडपेवर रक्ताची गुठळी झाली, तर झडप अडकेल. आणि गुठळी सुटून मेंदूकडे गेली, तर अर्धांगवायू होईल. म्हणून मला रोज संध्याकाळी वॉरफरिन नावाची गोळी घ्यावी लागते. लोक म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी. पण रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही, बरं का! आपलं यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीनं रक्त गोठवणारी द्रव्यं तयार करतं. ही गोळी त्या कामात आडकाठी घालते. मग रक्त गोठायला वेळ जास्त लागतो, एवढंच.

या गोळीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून मॅडिसन गावी आला. त्याच्या गाडीत एक मेलेली गाय, न गोठलेल्या रक्तानं भरलेली दुधाची कॅन आणि सडका चारा होता. त्याच्या गाई अंगातल्या अंगात रक्त वाहून मरत होत्या. कार्ल पॉल लिंक या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधलं. त्याच जातीचं वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आलं, ते उंदीर मारायला! आणि १९५४ पासून माणसांचे प्राण वाचवायला.

म्हणजे बघा, तीच वस्तू. जास्त झाली तर रक्तस्राव, कमी पडली तर गुठळी. मग बेताचं किती, हे ठरवणार कोण? रक्ताची तपासणी!

लॅबवाले काका निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. त्यात एक रसायन घालून ते गोठायला किती सेकंद लागतात, ते मोजतात. त्यावरून जो आकडा काढतात, त्याला आयएनआर म्हणतात. तुमचा आयएनआर साधारण एक असेल. माझा अडीच ते साडेतीन असायला हवा.

मला मात्र हा आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क वाटायचे! आकडा बरोबर आला, की आई सातारच्या एस.टी. स्टँडवर मला भेळ घेऊन द्यायची. नाही आला, की वाईला पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसायची. एक शब्दही रागावून बोलायची नाही. पण मला वाटायचं, मी नापास झालो.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी मामाकडे गेलो. संध्याकाळी अंगणात क्रिकेट रंगात आलेलं, आणि मामी गोळी नि पाण्याचा पेला घेऊन दारात उभी. मामेभाऊ हसले. "काय हे आजोबा! गोळी घ्या, काठी घ्या!" मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी मामीच्या हातून गोळी घ्यायचो, तोंडात टाकल्यासारखं करायचो आणि गपचूप खिशात ठेवायचो. चार दिवसांत चार गोळ्या माझ्या कंपासपेटीत जमा झाल्या.

घरी आल्यावर तपासणी झाली. आकडा आला १.६. डॉक्टरकाकांनी विचारलं, "काय रे, किती गोळ्या चुकल्या?"

मी म्हणालो, "एकही नाही."

त्यांनी आईला विचारलं, "पालेभाजी जास्त झाली का?" कारण पालक, मेथी यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं. आई म्हणाली, "नेहमीइतकीच." डॉक्टरकाकांनी जरा विचार केला आणि गोळीचा डोस वाढवला. दहा दिवसांनी यायला सांगितलं.

आता मी इमानानं गोळ्या घ्यायला लागलो, पण वाढलेल्या! आठव्या दिवशी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. मी चूळ भरली आणि कुणाला काही बोललो नाही. मराठीच्या तासाला वहीवर लाल थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली. बाईंनी मला पुढे वाकवून बसवलं, नाकपुड्या चिमटीत धरल्या. तास संपला तरी रक्त थांबेना. बाईंचा पदर भिजला. बाकावरचा माझा मित्र, एरवी एवढा बडबड्या, पण रडायलाच लागला.

दवाखान्यात आकडा आला ६.४. मला गोळी बंद करून 'के' जीवनसत्त्व दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. आई उशाशी बसली होती. माझं रक्ताचं दप्तर तिनंच पुसलं होतं, आणि कंपासपेटीही तिनंच उघडली होती. तिनं मूठ उघडली. मुठीत चार गोळ्या. ती काहीच बोलली नाही. मग मीच सगळं सांगितलं आणि खूप रडलो.

सकाळी डॉक्टरकाका आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते शांतपणे म्हणाले, "अरे, आकडा कधी रागवत नाही. तो फक्त आत काय चाललंय ते सांगतो. आकडा खरं बोलला, तू खोटं बोललास, आणि मी तुझ्या खोट्याला औषध दिलं."

ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

त्या दिवसापासून आईनं एक वही घातली. तारीख, आकडा, डोस आणि चुकलेली गोळी. चुकलेल्या गोळीसाठी तिनं वेगळा रकाना आखला होता, आणि तो भरला तरी ती रागवायची नाही. वर्गात मी स्वतःच सगळ्यांना झडपेची गोष्ट सांगितली. एक-दोघं हसले. बाकीचे छातीला कान लावून टिकटिक ऐकायला रांगेत उभे राहिले! कबड्डी बंद झाली, पण टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट चालू राहिलं.

आता मी चाळिशीच्या जवळ आलोय. आज काही नव्या गोळ्या निघाल्यात, त्यांना अशी वारंवार तपासणी लागत नाही. पण माझ्यासारख्या यांत्रिक झडपेला त्या चालत नाहीत. म्हणून महिन्याला माझी निळ्या टोपणाची नळी चालूच आहे. पालेभाजी मी सोडली नाही, रोज बेतानं खातो. गोळी विसरलो, तर दुसऱ्या दिवशी मनानं दोन घेत नाही, डॉक्टरांना विचारतो. डोकं दुखलं, तरी त्यांना विचारल्याशिवाय दुसरी गोळी तोंडात टाकत नाही. डोक्याला मार लागला, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दोस्तांनो, तुमच्याही घरी कुणी आजी, आजोबा किंवा ताई अशी गोळी घेत असेल. संध्याकाळी त्यांना आठवण करा. आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, काल विसरलेच की!" तर ओरडू नका. विसरले हे सांगता येईल, असं घर त्यांना द्या. माझ्या आईनं मला तेच दिलं.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर १.६ आणि ६.४ हे दोन आकडे आहेत. आईनं त्यांच्याखाली लाल रेघ मारलेली नाही.