बंडूला घर हवंय

९ जून २०२४, रविवार
बंडू आजपासून आमच्याकडे, हडपसरला. हक्काचं घर मिळेपर्यंत. वाघोलीच्या एका बांधकामावर वाढला. इमारत पुरी झाली, लोक राहायला आले, रखवालदारकाकांची दुसऱ्या साइटवर बदली झाली आणि हा मागे राहिला. लॅब्रॅडॉर आणि गावठीचं मिश्रण: डोकं-छाती लॅबची, पाय गावठीचे लांबसडक. आल्या-गेल्याच्या पायाला अंग घासतो. त्या लाडात कामाच्या मावशींची फरशीची बादली लवंडली.

११ जून
डॉक्टरांकडे वजन भरलं ३६ किलो. दातांवरून वय तीन-चार वर्षं. अंगावर गोचिडं होती, म्हणून गोचीड तापासाठी रक्त तपासलं. रिपोर्ट चांगला आला. रेबीजची लस आणि नाइन-इन-वन दिली. पावसाळ्याचे दिवस आहेत, लेप्टोस्पायरोसिसपासूनचं संरक्षण त्या दुसऱ्या लशीतच असतं. नसबंदीची तारीखही घेतली. ती झाल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही, हे घरात ठरलंय.

१६ जून, रविवार
फोटो पाहून फोन येतायत. पहिला प्रश्न: ब्रीड कोणतं? दुसरा: चावतो का? एका गृहस्थांना मात्र चावणाराच हवा होता, मुळशीच्या फार्महाउसवर साखळीला बांधायला. त्यांना म्हटलं, हा चोराच्याही पायात लोळेल, तुम्ही कॅमेरे बसवा.

२३ जून, रविवार
एक कुटुंब येऊन गेलं. आजी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या. जाताना त्याच बिस्किटं भरवत होत्या. तरी निर्णय ‘पिल्लूच बरं, लहानपणापासून लळा लागतो’ असा. मिश्र जातीचं पिल्लू किती वाढेल, स्वभाव कसा निघेल, हे सांगता येत नाही. त्यात चपला कुरतडणं, घरभर शू. बंडूचं माप आणि मन दोन्ही समोर आहेत. सगळं सांगून पाहिलं. पटलं, पण नेलं नाही.

२ जुलै
दोन्ही पालख्या आज हडपसरवरून पुढे गेल्या. बंडूचे नसबंदीचे टाके निघाले आहेत, म्हणून गर्दी ओसरल्यावर पट्टा लावून कोपऱ्यापर्यंत नेलं. सावलीला टेकलेल्या एका वारकरी मावशींनी ‘ये रे बाबा’ म्हणत भाकरीचा तुकडा पुढे केला. त्यांनी काही ब्रीड विचारलं नाही.

१४ जुलै, रविवार
खराडीचं एक तरुण जोडपं. त्यांना बंडू मनापासून आवडला. सोसायटीची कमिटी म्हणते, एवढं धूड लिफ्टमध्ये चालणार नाही. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक त्यांना दिलं: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. लसीकरण, पट्टा आणि केलेली घाण उचलणं ही जबाबदारी मात्र आपली. कमिटी नरमली, घरमालक नाही. भाडेकरू बिचारे काय करणार!

२१ जुलै, रविवार
बंडू अजून इथेच आहे. विचारणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहून ठेवते. खर्च आहे: लहान कुत्र्यापेक्षा खाणं जास्त, औषधाचा डोसही वजनावर. केस गळतात. पाहुण्यांवर उडी मारायची खोड अजून पुरती गेलेली नाही. मोठा बंगला नको. वन बीएचके चालेल, पण सकाळ-संध्याकाळ फिरवणारं माणूस हवं, पाऊस असो वा नसो. दिवसभर कुलूपबंद घरात एकटा ठेवणार असाल तर नको. महापालिकेचा परवाना आणि दरवर्षी रेबीजची लस घ्यावीच लागेल.

एवढं मान्य असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारा आणि एखाद्या रविवारी सकाळी या. पट्टा तुमच्या हातात देऊ. अर्धा तास फिरवून आणा आणि मग हो की नाही ते सांगा.