न विचारलेला प्रश्न

दारूविषयी एक अक्षरही न विचारता माणूस दारुडा आहे की नाही, हे सांगता येईल काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रेग मॅकअँड्र्यू यांनी १९६५ साली तसा प्रयत्न केला. मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली एक लांबलचक व्यक्तिमत्त्व-प्रश्नावली आहे. तीतील प्रत्येक विधानाला 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच उत्तर द्यायचे असते. दारूच्या व्यसनावर उपचार घेणारे पुरुष आणि इतर मानसिक तक्रारींवर उपचार घेणारे पुरुष यांची उत्तरे जिथे वेगळी पडली, तेवढी विधाने त्यांनी निवडली. पिण्याबद्दल थेट बोलणारी दोन मात्र गाळली, कारण पिणारा नेमके तेच लपवणार. उरली ४९.

अशी एक चाचणी आमच्या आळीतही आहे. तिला कागद लागत नाही. मी जरा मोठ्याने बोललो, रात्री उशिरा परतलो, की लोक म्हणतात, "बापाच्या वळणावर चाललाय." मी आजवर थेंबालाही शिवलेलो नाही.

मॅकअँड्र्यूंच्या मोजपट्टीलाही हा धोका आहेच. धाडसी, चारचौघांत रमणाऱ्या, धोका पत्करणाऱ्या माणसाला तीत जास्त गुण पडू शकतात, मग तो पीत असो वा नसो. उलट अबोल, मनात कुढणारा पिणारा सहज निसटतो. आमचे अण्णा तसेच. कुणाशी भांडण नाही, चढा आवाज नाही. पगाराच्या दिवशी मात्र आई तिन्हीसांजेपासून दारात उभी असते.

१९८४ साली डॉ. जॉन यूइंग यांनी चारच साधे प्रश्न प्रसिद्ध केले. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कोणी टोकल्यावर राग आला का? पिण्याबद्दल मन खाते का? सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो का? दोन उत्तरे 'होय' आली, तर पुढे नीट चौकशी करायची. इथे खोटे बोलता येते, हे खरे. पण हे प्रश्न माणसाच्या स्वभावावर शिक्का मारीत नाहीत. त्याच्या पिण्याबद्दल त्यालाच विचारतात.

अण्णांना आजवर पुष्कळांनी उपदेश केला, काहींनी शिव्याही दिल्या. 'कमी करावेसे वाटते का?' असे मात्र कोणीच विचारले नाही. आईच्या तोंडून तो प्रश्न निघणार नाही, आळीला त्याची गरज नाही. घरात पुस्तक वाचणारा मी एकटाच. तेव्हा विचारायचे मलाच आहे.