नाव कळायला हवं

माझी मुलगी दुसऱ्या बाईच्या स्त्रीबीजातून झाली. नऊ महिने पोटात वाढवलं मी, दूध पाजलं मी. ती बाई कोण, हे मला ठाऊक नाही आणि बरीच वर्षं मला तेच हवं होतं. रक्तगट, उंची, वर्ण, शिक्षण एवढंच एका कागदावर होतं. नाव कळलं तर उद्या कुणी दारात येऊन ‘पोर माझी’ म्हणेल, ही धास्ती.

आम्ही तिरुवैयारूचे, तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. सरफोजीराजांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तुळजाराजांनी 1787 साली त्यांना भोसल्यांच्याच कुळातून दत्तक घेतलं. जन्मदाते कोण, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तेच अंगाशी आलं. जन्मदात्याचा एकुलता एक मुलगा दत्तक कसा चालेल, अशी हरकत निघाली आणि गादी अमरसिंगांकडे गेली. ती परत मिळायला 1798 उजाडलं. मूळ झाकलेलं बरं, असं म्हणताना मी हाच दाखला देत असे. त्याच सरफोजींनी पुढे बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, इकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

मत फिरलं ते दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, “आईच्या माहेरी कुणाला थायरॉईड?” मी बोलायच्या आत लेक म्हणाली, “आजीला आहे की!” आजीची सकाळची गोळी तीच काढून देते. डॉक्टर ते लिहून घेऊ लागले. मी मुलीला बाहेर पाठवलं आणि खरं ते सांगितलं. मग त्यांनी लिहिलं: माहिती उपलब्ध नाही. माझ्या मनःशांतीसाठी तिच्या कागदावर ही कोरी जागा राहिली होती. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी तिला सगळं सांगितलं.

हक्काच्या धास्तीला ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं उत्तर दिलं. त्या प्रकरणात बीज देणारी बायकोची धाकटी बहीणच होती. सरोगसीतून झालेल्या जुळ्या मुली नवऱ्याकडे होत्या, ती बहीणही तिथंच राहत होती आणि नवरा बायकोला आई मानायलाच तयार नव्हता. बीज दिल्यानं बहिणीला पालकत्वाचा हक्क मिळत नाही, असं सांगून न्यायालयानं आईला मुलींची भेट मिळवून दिली.

आणि ती बाई? 2022 मध्ये आमच्याच तमिळनाडूत, इरोडला, सोळा वर्षांच्या मुलीची बीजं बनावट आधार कार्डावर विकल्याचं उघड झालं. नाव कुणी विचारत नाही तिथं असं खपून जातं.

2021 च्या कायद्यानं दात्रीचं वय 23 ते 35 ठरवलं, आयुष्यात एकदाच दान आणि जास्तीत जास्त सात बीजं, अशी मर्यादा घातली. नोंदही ठेवली जाते. पण ती उघडते वैद्यकीय आणीबाणीत, तीही जोडप्यानं मागितली तर, नाहीतर न्यायालयाच्या आदेशानं. अशा दानातून झालेल्या मुलाला ती स्वतः मागायचा हक्क नाही. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2005 पासूनच्या दात्यांची ओळख अपत्याला अठराव्या वर्षी मागता येते. तसं झालं तर दात्री मिळणार नाहीत, असं म्हणतात. कमी मिळतील, पण येतील त्या कळून-सवरून येतील. आपल्या कायद्यातही ही तरतूद व्हावी आणि माझी मुलगी अठरा वर्षांची व्हायच्या आत व्हावी, एवढी माझी मागणी आहे.